रजिस्टरात नाव असलं की दवाखाना घरी येतो

गावात फवारणी झाली, विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) पडलं, पोलिओचा बूथ लागला की आरोग्य खातं काम करतंय हे सगळ्यांना दिसतं. ती कामं गावासाठी असतात. पण तुमच्या बीपीची गोळी, सुनेचं बाळंतपण, लेकराला चावलेलं कुत्रं, म्हाताऱ्याचा महिनाभराचा खोकला हेसुद्धा त्याच खात्याचं काम आहे. ते करून घ्यायचं तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते: हे खातं नोंदीवर चालतं.

गरोदर बाई, लहान मूल, क्षयरोगी, बीपी-शुगरवाले यांची रजिस्टरं असतात. आता त्यातली बरीच मोबाईलमध्ये आणि पोर्टलवर गेली आहेत, पण रीत तीच. तुमच्या नावापुढचा रकाना रिकामा राहिला तर आशाताईला आणि सिस्टरला, म्हणजे आरोग्यसेविकेला, वर उत्तर द्यावं लागतं, म्हणून त्या तुमच्या दारात येतात. गुडघेदुखी, मुतखडा, पित्त यांचं रजिस्टर नसतं. तिथं पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. म्हणून पहिलं काम नोंदीचं. नोंद झाली की क्रमांक किंवा कार्ड मागून घ्यायचं, आणि ते घरात पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी ठेवायचं.

कोणत्या दारात काय मिळतं

उपकेंद्र साधारण ५,००० लोकवस्तीला एक असतं. किनवट-माहूरसारख्या आदिवासी, डोंगराळ भागात ते ३,००० ला एक असतं. तिथं आरोग्यसेविका, आरोग्यसेवक आणि बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला लोक 'नवीन डॉक्टर' म्हणतात. बीपी-शुगर मोजणं, ठरलेल्या गोळ्या पुन्हा देणं, लसी, गरोदर बाईची तपासणी, ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरशी बोलणं करून देणं, एवढं तिथं होतं.

प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० वस्तीला, आदिवासी भागात २०,००० ला. इथं डॉक्टर असतात, साधारण ६ खाटा असतात, बाळंतपण होतं, सर्पदंशाची आणि कुत्रं चावल्याची लस असते. बाह्यरुग्ण विभाग साधारण सकाळी ८.३० ते १२.३० आणि दुपारी ४ ते ६ चालतो. रक्त-लघवीचा नमुना सकाळीच घेतात, कारण नमुने गोळा करणारी गाडी दुपारी निघून जाते. बाराला पोचलात तर डॉक्टर भेटतील, पण रक्त उद्यावर जाईल.

त्यावर ग्रामीण रुग्णालय, ३० खाटांचं. मग ५० किंवा १०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्ह्याचं सिव्हिल. सगळ्यात वर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय: छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरचं.

यांचे मालक वेगवेगळे आहेत, आणि ते माहीत नसलं की माणूस चुकीच्या दारात भांडतो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. तिथले साहेब तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय ते सिव्हिल जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. घाटी आणि तिच्या जातीची रुग्णालयं तिसऱ्याच खात्याची, वैद्यकीय शिक्षण विभागाची. शहरातले नागरी दवाखाने महापालिकेचे. परभणी, धाराशिव, जालना, हिंगोली इथं अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आली आहेत. तिथं रुग्णालय सध्या कोणाकडे आहे हे केसपेपरच्या माथ्यावर छापलेलं असतं. तक्रार करण्याआधी ते वाचा.

पैशांचंही यावरच ठरतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या, उपचार सगळं मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सिव्हिलपर्यंत कोणी केसपेपरचे पैसे मागितले तर पावती मागा. बहुतेक वेळा तिथंच विषय मिटतो. वैद्यकीय महाविद्यालयांना हा निर्णय लागू नाही, तिथं केसपेपरला आणि काही तपासण्यांना थोडे पैसे लागतात.

सोबत आधारकार्ड, रेशनकार्ड, चालू मोबाईल आणि जुने कागद न्या. जुने कागद म्हणजे खासगी डॉक्टरची चिठ्ठी आणि रिकाम्या गोळ्यांची पाकिटंसुद्धा. "पांढरी गोळी, सकाळी एक" एवढ्यावर कोणत्याच डॉक्टरला काही कळत नाही. आधार नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत, विशेषतः तातडीच्या वेळी. पण नोंदीला आणि बँक खात्यात पैसे यायला ते लागतंच.

बीपी आणि शुगर: ज्या आजारात सगळ्यात जास्त चुका होतात

तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी, शुगर आणि तोंडाचा कर्करोग, बायकांचा स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी खात्याने करायची असते. आशाताई घरी येऊन तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कोणाला शुगर आहे का असं विचारत फॉर्म भरते. लोक तिला वाटेल ते सांगून मोकळे होतात. तो फॉर्म खरा भरा, कारण नाव लागायची सुरुवात तिथूनच होते.

बीपी मोजताना एवढं पाहा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, एकावर एक नाही. पट्टा उघड्या दंडावर, स्वेटरवरून नाही, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला. दोनदा मोजायला सांगा. शेतातून तीन किलोमीटर चालत येऊन लगेच हात पुढे केला तर आकडा फुगून येतो आणि नसलेली बीपी कागदावर लागते. १४०/९० च्या वर आकडा वेगवेगळ्या वेळी दोनदा आला की निदान होतं. खूपच जास्त आला तर डॉक्टर थांबत नाहीत, लगेच औषध सुरू करतात. शुगरसाठी उपाशीपोटी १२६ किंवा त्यापुढे हा आकडा लक्षात ठेवा. उपाशी म्हणजे चहासुद्धा नाही. "नुसता अर्धा कप घेतला" याने रिपोर्ट बिघडतो.

बीपीला बहुतेक अ‍ॅम्लोडिपिनने सुरुवात होते, पुढे टेल्मिसार्टन जोडतात. शुगरला मेटफॉर्मिन. या गोळ्या साध्या, जुन्या आणि स्वस्त आहेत, म्हणून त्या हलक्या आहेत असा समज आहे. खासगीत महागड्या नावाच्या पाकिटात बहुतेकदा हेच औषध असतं. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. सुजले तर गोळी बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा, ते बदलून देतील. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर घ्या, रिकाम्या पोटी मळमळ होते.

गोळ्या साधारण ३० दिवसांच्या मिळतात. संपण्याच्या पाच दिवस आधी जा, संपल्यावर नाही. औषधाच्या खिडकीवर हे रोज ऐकू येतं:

"मावशी, गोळ्या कधी संपल्या?"

"झाले की आठ दिस. लेकाला धाडलं होतं, तर त्याला म्हनले तुमच्या मायलाच पाठवा."

"बीपी बघायची असते ना मावशी. नुसत्या गोळ्या देऊन काय कळणार, कमी झाली का वाढली?"

मावशीचंही खरं आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजुरी बुडवून बीपी मोजायला कोण जाणार? उपाय असा: पहिल्यांदा डॉक्टरांनी औषध ठरवून दिलं की पुढचे महिने उपकेंद्रातून घ्या. तिथं गर्दी नसते, गाव जवळ असतं, आणि समुदाय आरोग्य अधिकारी बीपी मोजून गोळ्या देतात. डॉक्टरांना सांगून कार्डावर "उपकेंद्रातून औषध" असं लिहून घ्या. हा एक शेरा नसला की उपकेंद्र केंद्राकडे बोट दाखवतं आणि केंद्र उपकेंद्राकडे.

खिडकीवर औषध संपलंय असं कळलं तर फलक बघून परत येऊ नका. डॉक्टरांना विचारा, याच गटातलं दुसरं चालेल का, किंवा रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी होईल का. तशी तरतूद आहे. बाहेरून घ्यायचंच झालं तर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्र शोधा.

आणखी एक: बीपी नीट आली म्हणजे आजार गेला असं नाही. गोळी काम करतेय म्हणून आकडा नीट आलाय. गोळी सोडून आठ-पंधरा दिवसांत काही होत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि मग एका सकाळी तोंड वाकडं होतं. ठेचा, पापड, लोणचं, मीठ घातलेलं ताक यातलं काय कमी करता येईल ते घरातल्या बाईला समोर बसवून ठरवा. म्हाताऱ्याला एकट्याला सांगून उपयोग नाही.

गरोदरपण आणि बाळंतपण

हे खात्याचं सगळ्यात पक्कं रजिस्टर. पाळी चुकली की बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, तेच पुढे बाळाच्या लसींचंही कार्ड असतं. कार्ड हरवलं की सगळ्या तारखा हरवतात, म्हणून पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा.

किमान चार तपासण्या, धनुर्वाताची दोन इंजेक्शनं चार आठवड्यांच्या अंतराने, पहिल्या तीन महिन्यांनंतर रोज लोहाची एक गोळी अशा १८० आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८०, शिवाय कॅल्शियम. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, कॅल्शियम लोहाला रक्तात जाऊ देत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर नको. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर चालते. शौच काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण याच कारणाने कितीतरी सुना गोळ्या गुपचूप परसात टाकतात आणि सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८ येतं. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे मोठ्या दवाखान्यात भरतीच.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरकडून खास तपासणी असते. बीपी, रक्त, लघवी त्याच दिवशी होतं. सोनोग्राफी कुठे आणि कधी ते त्या दिवशीच विचारून तारीख घ्या. आधी सिझर झालेलं, जुळी, बीपी चढलेली, उंची फार कमी, रक्त फार कमी यातलं काही असलं की कार्डावर जोखमीचा शेरा येतो. तो आला की बाळंतपण उपकेंद्रात किंवा प्राथमिक केंद्रात करायचं नाही.

मग कुठे करायचं हे आठव्या महिन्यातच ठरवा, आणि ठरवताना एकच प्रश्न नीट विचारा: "इथं सिझर होतं का, आणि भूलतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात?" ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियागृह असतं, टेबल असतं, दिवे असतात. भूल देणारा डॉक्टर मात्र रोज असेलच असं नाही. रात्री अकराला कळा सुरू झाल्यावर हे कळणं म्हणजे जीपमधून पुढचे पन्नास किलोमीटर.

गाडीसाठी १०२ किंवा १०८. घरून दवाखाना, गरज पडली तर तिथून मोठा दवाखाना, आणि सुट्टीनंतर घरी, हा सगळा प्रवास जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. सिझर, औषधं, रक्त, तपासण्या मोफत. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरमध्ये सात दिवस जेवणही. दवाखान्यात किमान ४८ तास थांबा. दुसऱ्या दिवशी घरी जायची घाई होते, पण रक्तस्राव आणि बाळाचं बिघडणं याच दोन दिवसांत होतं. बाळाला बीसीजी, पोलिओ आणि २४ तासांच्या आत कावीळ-बी ची लस देऊनच निघा. घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. तिने बाळाला काट्यावर ठेवलं का ते बघा, नुसतं अंगणातून "बरं हाय ना?" म्हणून गेली तर आत बोलवा.

पैसे दोन योजनांतून येतात. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर ग्रामीण भागात ७०० रुपये. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. हे अडकतात ते ठरलेल्या कारणांनी. आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, खातं आधारशी जोडलेलं नाही, किंवा खातं नवऱ्याचं. लग्नानंतर पहिल्या वर्षातच हे एकसारखं करून घेतलं तर पुढचा हेलपाटा वाचतो.

दोन आठवड्यांच्या वर खोकला

थुंकी तपासायला द्या. दोन नमुने लागतात, त्यातला एक सकाळी उठल्याबरोबरचा. गडबड नमुन्यातच होते. डबीत तोंडातली लाळ जाते, खोकून वर आलेला बेडका जात नाही. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, दोनदा खोल श्वास घ्या, तिसऱ्यांदा छातीतून खोकून काढा, चमचाभर पुरे. हे घराबाहेर मोकळ्या हवेत करा. झाकण घट्ट लावा.

क्षयरोग निघाला की क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदीच्या निक्षय पोर्टलवर क्रमांक मिळतो. तो लिहून घ्या, पुढे सगळं त्यावरच चालतं. साध्या क्षयरोगाला सहा महिने रोज गोळ्या, संख्या वजनावर ठरते. लघवी नारंगी होते ती गोळीमुळे. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं आणि इथंच लोक सोडतात. सोडलं की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग उपचार लांबतो व जडही जातो. कावीळ, जास्त उलट्या, दिसायला कमी होणं असं झालं तर त्याच दिवशी जा.

नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात येतात. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही हे पैसे मिळतात, कारण खासगी डॉक्टरलाही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करावीच लागते. तिथं "आमचा निक्षय क्रमांक द्या" एवढंच म्हणा. घरातल्या लहान लेकरांना आणि सोबत राहणाऱ्यांना प्रतिबंधक औषध मिळतं, तेही मागा.

धावपळीच्या वेळी

कुत्रं चावलं तर हळद, मिरची, चुना काही लावू नका. नळाखाली किंवा तांब्याने सतत पाणी ओतत साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. जंतू जखमेतून धुऊन निघून जाण्याची हीच वेळ असते, लस नंतर काम करते. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात लस. कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दोन्ही दंडांवर थेंबाएवढी. टोचल्यावर संत्र्याच्या सालीसारखा छोटा फुगवटा आला तर ती बरोबर गेली. दंडाच्या स्नायूत देतात ती ०, ३, ७, १४, २८ अशी. कार्डावर पद्धत लिहिलेली असते, दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर ते दाखवा. रक्त निघालं असेल तर लसीबरोबर जखमेभोवती सिरमही लागतं. ते बहुधा ग्रामीण रुग्णालयात किंवा सिव्हिलला मिळतं. चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी जा. कातडीत देताना एका कुपीत तीन-चार माणसांचं भागतं आणि उघडलेली कुपी सहा ते आठ तासांत संपवावी लागते, म्हणून कधी कधी "उद्या या, अजून दोघं येतायत" असं ऐकायला मिळतं. तिसऱ्या-सातव्या दिवसाच्या डोसला हे एखाद्या दिवसापुरतं चालून जाईल. पहिल्या डोसला नाही. तिथं ठाम राहा.

साप चावला तर चावलेला हात-पाय काठीला बांधून स्थिर ठेवा. दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही. चावल्याची वेळ लिहून ठेवा. रोग्याला चालवत नेऊ नका. १०८ ला फोन करताना गावाबरोबर फाटा, मंदिर, पाण्याची टाकी अशी खूण सांगा, आणि गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालते. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. पहिल्यांदाच साधारण १० कुप्या लागतात, आणि लहान लेकरालाही मोठ्या माणसाएवढ्याच, कारण विष तेवढंच गेलेलं असतं. केंद्रात कमी असल्या तरी सुरुवात तिथंच करून पुढे हलवा. मण्यारीचं वेगळंच: जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, खूण दिसत नाही, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या जड होतात. पावसाळ्यात असं झालं तर वायगोळा समजून बसू नका.

लाल विंचू चावून दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार असं झालं तर ते नुसतं दुखणं नव्हे, हृदयावर परिणाम सुरू झालाय. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला यावर प्राझोसिनचा उपचार रुजवला, आणि ही स्वस्त गोळी सरकारी दवाखान्यात वापरली जाते. मंत्र टाकणाऱ्याकडे गेलेला तास परत येत नाही.

कीटकनाशक पोटात गेलं तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. कपडे उतरवा, अंग धुवा, औषधाची बाटली सोबत न्या. डॉक्टरला विषाचं नाव लागतं. पोलिसांत नोंद होईल म्हणून लोक थांबतात. ती नोंद दवाखान्याच्या कामाचा भाग आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा माणसाला ताणाखाली असलेला रुग्ण मानायचं असतं. वाचलेल्या माणसाला नंतर एकटं सोडू नका. शेतकरी कुटुंबांना मानसिक आधार देणाऱ्या प्रेरणा प्रकल्पात मराठवाड्याचे आठही जिल्हे आहेत. सिव्हिलमध्ये मनोविकार विभागात विचारा, किंवा घरातून १४४१६ वर बोलता येतं, मराठीतून, मोफत.

ऑपरेशन सांगितलं तर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मराठवाड्यातल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांना तर ही योजना आधीपासूनच लागू होती, हे अजून निम्म्या गावाला ठाऊक नाही. योजनेतल्या दवाखान्यात शिरल्यावर डॉक्टरच्या केबिनआधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलावर जा. रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र दाखवा, आणि तीन गोष्टी विचारा: हा आजार योजनेत आहे का, हा दवाखाना त्याच आजारासाठी मान्य आहे का, आणि मंजुरी आली का. दवाखाना योजनेत आहे म्हणजे तुमचं ऑपरेशनही तिथं योजनेत आहे, असं नसतं; हाडांसाठी मान्यता आणि किडनीसाठी नाही, असं चालतं. मंजुरीआधी अनामत भरली की ती परत काढणं अवघड. अडलं तर १५५३८८ ला फोन करा, दवाखान्यातूनच, आरोग्यमित्रासमोर.

गर्भपिशवी काढायचा सल्ला मिळाला तर एक थांबा घ्या. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गेला, समिती नेमली गेली, ते उगाच नव्हे. अंगावर पांढरं जाणं, पाळीत पोट दुखणं याला बहुतेक वेळा औषध पुरतं. सगळे कागद घेऊन सिव्हिल किंवा अंबाजोगाईला स्त्रीरोग विभागात दुसरं मत घ्या. "कॅन्सर होईल" असं कोणी म्हटलं तर ते कोणत्या तपासणीवरून, हे लेखी मागा.

तक्रार

आधी दवाखान्यातल्या डॉक्टरांना तोंडी. मग एका पानावर लेखी: तारीख, वेळ, कोणती सेवा मागितली, काय उत्तर मिळालं. विशेषणं नकोत. "कोणीच लक्ष देत नाही" यावर कारवाई होत नाही. "दुपारी ४.२० ला औषधाची खिडकी बंद होती" यावर होते. प्राथमिक केंद्राची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, ग्रामीण रुग्णालयाची वैद्यकीय अधीक्षकाकडे आणि मग जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. पोचेचा शिक्का घ्या. फोनवर सांगायचं तर १०४.

कारखान्यावर जाण्याआधी

दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिव, परभणी, जालन्यातून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत गाव रिकामं असतं. रजिस्टराचा धागा तुटतो तो इथं. उचल घेतल्यावर निघायच्या आठ दिवस आधी घरातला एक माणूस उपकेंद्रात बसवा आणि ही कामं करून घ्या.

बीपी-शुगरच्या गोळ्या शक्य असेल तर दोन-तीन महिन्यांच्या मागा, कारण सांगून. डॉक्टरच्या अधिकारात असतं. सोबत चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि ताकद मोठ्या अक्षरात लिहून घ्या. क्षयरोगी असेल तर कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कारखान्यावर चाललात ते सांगा. निक्षयवर रुग्ण तिकडच्या केंद्राकडे वर्ग करता येतो, आणि तिकडची माणसं गोळ्या देतात. वर्ग न करता गेलात तर इथं "उपचार सोडला" आणि तिथं "नोंद नाही" अशी दोन्हीकडून गत होते. लेकराचं लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोपीत (झोपडीत) वर टांगा; पाण्याने भिजलेलं कार्ड कोणालाच वाचता येत नाही. तिथं पोचल्यावर मुकादमाकडून जवळच्या उपकेंद्राचं नाव आणि आशाताईचा नंबर घ्या, लस कोणत्याही जिल्ह्यात मोफत मिळते. गरोदर बाई सोबत असेल तर बाळंतपण तिकडे की इथं, हे निघतानाच ठरवा. सातव्या महिन्यानंतर कोयत्याला लावू नका. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून माघारी आणण्यापेक्षा तिकडचं ग्रामीण रुग्णालय बरं.

पाडव्याच्या सुमाराला परत आलात की पहिल्याच आठवड्यात सगळी कार्डं घेऊन उपकेंद्रात जा. तिकडे घेतलेल्या लसी, गोळ्या, तपासण्या इथल्या नोंदीत चढवून घ्या, आणि तुमच्या घराच्या नावापुढे लिहिलेला "स्थलांतरित" हा शेरा सिस्टरकडून तुमच्यासमोर खोडून घ्या.